व्हॉल्व्हच्या रेडिओचा आवाज सुधारायचा तर आधी ग्रिडचं व्होल्टेज मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांच्या वेळचा पाच व्हॉल्व्हचा मीडियम वेव्ह रेडिओ. आत 12बीई6 (स्टेशन पकडणारा), 12बीए6 (स्टेशनाचा सिग्नल वाढवणारा), 12एव्ही6 (डिटेक्टर आणि पहिला आवाज वाढवणारा), 50सी5 (स्पीकर हलवणारा आउटपुट व्हॉल्व्ह) आणि 35डब्ल्यू4 (एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर). सेट चालू होतो, स्टेशनं लागतात, पण आवाज बसका, गोधडीखालून आल्यासारखा येतो आणि जरा मोठा केला की फाटतो. महागडे 'ऑडिओ' कंडेन्सर आणि नवे व्हॉल्व्ह घालावेत का, स्पीकर बदलावा का, आणि जमलं तर मोबाइल जोडता येईल का?

व्हॉल्व्हचं नाव सध्या काढू नका. सोनेरी छापाच्या महागड्या कंडेन्सरचं तर कधीच काढू नका. या सेटमध्ये आवाज अडकतो तो आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (व्हॉल्व्हमध्ये सिग्नल शिरतो ती जाळी), डिटेक्टरमध्ये (रेडिओलहरीतून आवाज वेगळा काढणारा भाग) आणि आयएफटीमध्ये (हवं तेच स्टेशन पुढे सोडणारे छोटे ट्रान्सफॉर्मर), आणि लोकांचे पैसे नेमके या तिन्ही जागा सोडून खर्च होतात. 'सुधारणा' म्हणजे नवं काही बसवणं, अशी समजूत असते. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त काम जुनी गळती थांबवण्याचं असतं. उरलेलं काम म्हणजे रेडिओ बनवणाऱ्याने त्या वेळी जाणूनबुजून केलेली तडजोड आपल्या सोयीने थोडी सैल करणं.

चासी (सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा) उघडण्याआधी एक गोष्ट. तुमच्या सेटला मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही. पाचही व्हॉल्व्हचे फिलामेंट एका ओळीत जोडलेले आहेत. बेरीज करून पाहा, साडेबारा-साडेबाराचे तीन, पन्नासचा एक आणि पस्तीसचा एक, म्हणजे साधारण 123 व्होल्ट. मेन्सची एक तार थेट चासीला किंवा आतल्या निगेटिव्हला जाते. प्लग उलटा बसला की चासी जिवंत. त्यामुळे टेबलावर काम करताना एकास एकचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. व्होल्टेज कमी करणारे बरेच ट्रान्सफॉर्मर ऑटो पद्धतीचे असतात, एकाच वाइंडिंगचे. ते व्होल्टेज उतरवतात, पण तुम्हाला मेन्सपासून वेगळं करत नाहीत. नवशिक्यांची फसगत इथेच होते. पहिल्यांदा चालू करताना ओळीत 40-60 वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटेल आणि सेट वाचेल. बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामे करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची हौस नको.

आता स्पीकर. तो बदलावा का हे पाच मिनिटांत कळतं. सेट बंद करून आतल्या स्पीकरची एक तार सोडवा आणि त्याजागी बंद पेटीतला चार ओहमचा कुठलाही बरा स्पीकर जोडा. आवाज तसाच फाटका राहिला तर तुमचा स्पीकर निर्दोष आहे. खुलला तर कोन हलक्या बोटांनी, दोन्ही बाजूंनी सारखा दाब देत आत-बाहेर करून पाहा. खरखर जाणवली तर व्हॉइस कॉइल घासतेय. कोनच्या कडेला चिरा असतील तर पातळ टिश्यू आणि लवचीक राहणारा डिंक पुरतो. कडक होणारा डिंक लावलात तर कागद पत्र्यासारखा वाजेल. स्पीकर सोडवलेला असताना सेट चालू मात्र करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही की प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं आणि वाइंडिंग जाऊ शकतं. हे ट्रान्सफॉर्मर मुळातच केसासारख्या तारेचे असतात.

मग ग्रिड.

12एव्ही6च्या प्लेटपासून (व्हॉल्व्हमधून सिग्नल बाहेर पडतो ते टोक) 50सी5च्या ग्रिडपर्यंत एक कंडेन्सर जातो, बहुधा 0.01 किंवा 0.02 मायक्रोफॅरडचा, मेणात बुडवलेला कागदी. प्लेटवरचं डीसी अडवायचं आणि फक्त आवाज पुढे सोडायचा, एवढंच त्याचं काम. कागद इतक्या वर्षांत ओल धरतो आणि डीसी झिरपू लागतं. किती? प्लेटवर 60 व्होल्ट आहेत, ग्रिडला 470 किलोओहमचा रेझिस्टन्स आहे आणि कंडेन्सरची गळती फक्त 10 मेगओहमची आहे असं धरा. ग्रिडवर सव्वादोन ते पावणेतीन व्होल्ट पॉझिटिव्ह येतात. 50सी5चं बायस, म्हणजे ग्रिड कॅथोडपेक्षा (इलेक्ट्रॉन सोडणारं तापलेलं टोक) जेवढं निगेटिव्ह असतं ते, सगळं मिळून साडेसात व्होल्टचं. त्यातला तिसरा हिस्सा गेला. व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा छोटासा लोखंडी गाभा डीसीनेच भरून जातो, त्यामुळे खर्ज हरवतो, आणि आवाज वाढवला की लाटेची एक बाजू कापली जाते. तुम्ही सांगितलेली 'बसका' आणि 'फाटतो' ही दोन्ही लक्षणं या एकाच कंडेन्सरमधून येऊ शकतात. तो सुटा काढून मल्टिमीटरने तपासलात तर चांगला दिसेल, कारण मीटरच्या बॅटरीच्या दोन-चार व्होल्टवर ही गळती बऱ्याचदा दिसतच नाही.

म्हणून तपासणी चालू सेटवर करा. दहा मिनिटं तापू द्या. मीटरची काळी तार आतल्या निगेटिव्हला, लाल तार 50सी5च्या ग्रिडला. शून्य किंवा किंचित निगेटिव्ह हवं. पॉझिटिव्ह दिसलं तर सेट बंद करून कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा आणि पुन्हा चालू करून त्या मोकळ्या टोकावरच मोजा. सुरुवातीला मीटर उसळेल आणि हळूहळू शून्याकडे येईल. शून्यावर आला नाही तर कंडेन्सर गेलेला आहे. टोक मोकळं असताना ग्रिडवर अजूनही पॉझिटिव्ह दिसत असेल, तर मात्र दोष व्हॉल्व्हचा, आतल्या निर्वात जागेत वायू साचलेला आहे. ट्रान्सफॉर्मरच्या सेटमध्ये लोक आउटपुट व्हॉल्व्ह उपटून हीच परीक्षा करतात. तुमच्या सेटमध्ये एक व्हॉल्व्ह काढला की पाचही विझतात, म्हणून टोक सोडवणंच खरं.

एकदा माझ्याकडे असाच एक सेट आला होता. आधी दोनदा स्पीकर बदलून झालेला, आउटपुट ट्रान्सफॉर्मरही नवा. ग्रिडवर चार व्होल्ट. मी कंडेन्सर बदलून डाग दिला आणि सेट चालू केला. बातम्या लागलेल्या होत्या. इतका वेळ नाकात बोलणारा निवेदक घसा खाकरून बोलावा तसा स्वच्छ आला. मालकाने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग त्या काढून टाकलेल्या मेणाच्या कांडीकडे. जुन्या दोन्ही स्पीकरचं काय केलं हे मी विचारलं नाही.

याजागी साधा 630 व्होल्टचा पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर घाला. किंमत क्षुल्लक. 'जास्त खर्ज मिळावा' म्हणून 0.1चा घालू नका. 0.01 आणि 470 किलोओहम मिळून 34 सायकलपर्यंत (म्हणजे हर्ट्झ) खाली जातात, आणि तुमचा चार-पाच इंची स्पीकर उघड्या पाठीच्या पेटीत त्याच्या कितीतरी वरच दम टाकतो. दारातून हत्ती येत नसेल तर खिडकी मोठी करून उपयोग नाही.

त्याच हाताने बाकीचे सगळे कागदी कंडेन्सरही बदला, विशेषतः एव्हीसीचा (ताकदवान स्टेशनाला आपोआप आवरणारी सोय). 0.05च्या आसपासचा असतो आणि दोन-तीन मेगओहमच्या मागे बसलेला असतो, म्हणजे थोडीशी गळतीसुद्धा एव्हीसीचं निगेटिव्ह व्होल्टेज खाऊन टाकते. मग जवळचं ताकदवान स्टेशन 12बीए6ला बुडवतं आणि आवाज चिरका येतो. 'लांबची स्टेशनं बरी वाजतात, जवळचंच फाटतं' असं कोणी म्हणालं की मी आधी हाच कंडेन्सर पाहतो. मेन्सला जोडलेला कंडेन्सर मात्र साधा घालू नका. दोन तारांमध्ये असेल तर एक्स वर्गाचा, तारेपासून चासीकडे असेल तर वाय वर्गाचा.

फिल्टर कंडेन्सरबद्दल थोडक्यात. भणभण असेल तर दोन्ही बदला. जुन्याच्या अंगावर नवा जोडू नका, जुना गळतच राहतो. पहिला कंडेन्सर वाट्टेल तेवढा मोठा करू नका. 35डब्ल्यू4ला 40 मायक्रोफॅरडची मर्यादा आहे, तिच्यापुढे गेलात तर चालू होतानाचा झटका त्याचं कॅथोड खातो. दुसरा 100चा केलात तर हरकत नाही. आणि भणभण फक्त स्टेशन लागल्यावरच येत असेल, दोन स्टेशनांच्या मध्ये गायब होत असेल, तर तिचा फिल्टरशी संबंधच नाही. ती मेन्समधून आत शिरलेल्या लहरीवर रेक्टिफायरने चढवलेली असते. मेन्सच्या दोन तारांमधला कंडेन्सर नवा घातला की बहुतेकदा जाते.

कार्बनचे जुने रेझिस्टन्स किंमत वाढवत जातात. 12एव्ही6च्या प्लेटचा 470 किलोओहम बऱ्याचदा 700 भरतो. वीस टक्क्यांहून जास्त सरकलेला असेल तो बदला, बाकीच्यांना हात लावू नका.

इथवर येऊन सेट मूळ तब्येतीला आला. बरेच जण इथे थांबतात आणि तेही योग्यच. पण तुम्हाला 'गोधडीखालून' येणारा आवाज मोकळा करायचा असेल तर खरा मामला इथून पुढे आहे.

एएममध्ये आवाजाची वरची पट्टी कॅरियरच्या, म्हणजे स्टेशनाच्या मूळ लहरीच्या, दोन्ही अंगांना पसरते. पाच किलोसायकलपर्यंतचा आवाज हवा असेल तर आयएफ (आयएफटी पुढे सोडतात ती पट्टी) दहा किलोसायकल रुंद लागते. 455 किलोसायकलच्या दोन आयएफटी मिळून साधारण सेटमध्ये एवढी रुंदी देत नाहीत, कारण शेजारचं स्टेशन नऊ किंवा दहा किलोसायकलवर बसलेलं असतं आणि ते अडवणं हेच त्यांचं काम. तीन किलोसायकलच्या पुढे आवाज उतरू लागतो. 'स', 'श', टाळ, झांज सगळं तिथेच राहतं. याची किंमत मी स्वतः एकदा मोजलीय. शिकाऊ दिवसांत एक सेट आला, आवाज चांगला होता, फक्त स्टेशनं कमी लागत होती. मी जनरेटर लावून आयएफटींचे चारही गाभे अगदी टोकाला आणून ठेवले. स्टेशनं वाढली, मी खूश. दोन दिवसांनी मालक परत आले, म्हणाले, "तुम्ही काय केलंत माहीत नाही, पण बाई आता भांड्यात तोंड घालून गाते." जुन्या कारागिराने त्या आयएफटी मुद्दाम किंचित विस्कटून ठेवल्या होत्या. मी त्या 'दुरुस्त' केल्या.

तरीही गाभे कानाने फिरवून रुंदी आणण्याचा सल्ला मी देणार नाही. दोन्ही बाजू सारख्या उघडल्या नाहीत तर एक पट्टी जास्त आणि एक कमी येते, त्यातून वेगळाच बिघाड ऐकू येतो. त्यापेक्षा आधी रीतसर शिखरावर आणा, अगदी कमी सिग्नल देऊन, एव्हीसीचं निगेटिव्ह व्होल्टेज मोजत, प्लॅस्टिकच्या चावीने. गाभा अडकला असेल तर जोर करू नका, तुटलेला गाभा बाहेर येत नाही. मग दुसऱ्या आयएफटीच्या सेकंडरीवर नव्हे, तर पहिल्या आयएफटीच्या सेकंडरीवर 100 किलोओहम समांतर लावा आणि ऐका. दुसरीवर डिटेक्टरचा भार आधीच असतो. कमी वाटलं तर 47 किलोओहम. सेट थोडा बहिरा होतो, लांबची स्टेशनं पडतात, जवळचं मात्र मोकळं होतं. तो रेझिस्टन्स एका छोट्या स्विचमधून लावला तर रात्री अरुंद आणि दिवसा रुंद असं करता येतं. तारा मात्र दोन बोटांपेक्षा लांब नकोत, नाहीतर आयएफ शिट्टी मारू लागते. 1930च्या दशकातल्या महागड्या सेटमध्ये अशी कमी-जास्त रुंदीची सोय कारखान्यातूनच यायची, तेव्हा यात पाप काही नाही.

रुंदी वाढवली की नऊ किंवा दहा किलोसायकलची शिट्टी ऐकू येऊ शकते, शेजारच्या कॅरियरची. ही किंमत चुकत नाही. लूप अँटेना असेल तर सेट फिरवून पाहा, शेजारचं स्टेशन दुसऱ्या दिशेला असेल तर ते दाबता येतं. घरातल्या एलईडी दिव्यांची आणि चार्जरची करकरसुद्धा अशीच, फिरवून किंवा बंद करून. रेडिओत तिचा इलाज नाही.

एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तोच सेट डायलच्या वरच्या टोकाला मोकळा आणि खालच्या टोकाला दबका वाजतो. दोष स्टेशनाचा नाही. अँटेना कॉइलचा क्यू (निवडीचा धारदारपणा) 100 धरला तर 1500 किलोसायकलवर तिची रुंदी 15 किलोसायकल येते, पण 600वर फक्त 6. म्हणजे आयएफच्या आधीच आवाजाची कड कापली गेली. मुळात कॉइल उत्तम आहे म्हणून हे होतं! खालच्या टोकाचं स्टेशन आवडीचं असेल तर गँगच्या (स्टेशन लावायच्या फिरत्या कंडेन्सरच्या) अँटेना भागावर 220 किलोओहम लावून ऐका.

आता डिटेक्टर. याच्याकडे कोणी पाहत नाही आणि मला तर तो सगळ्यात जास्त छळतो. 12एव्ही6मधल्या डायोडला डीसीसाठी भार असतो व्हॉल्यूम पॉटचा (आवाजाच्या बटणामागचा बदलता रेझिस्टन्स), 500 किलोओहम. आवाजाच्या लाटेला मात्र त्याच्याशी समांतर एव्हीसीचा 3.3 मेगओहम आणि पुढचा ग्रिड रेझिस्टन्सही दिसतो. 12एव्ही6वर तो 10 मेगओहमचा असतो, म्हणजे सगळं मिळून 416 किलोओहम. 416 भागिले 500, म्हणजे 0.83. मॉड्युलेशन (आवाजाने कॅरियर कमी-जास्त होण्याचं प्रमाण) 83 टक्क्यांच्या वर गेलं की लाटेचा तळ सपाट कापला जातो. आजची केंद्रं आवाज दाबून शंभर टक्क्यांच्या आसपास मॉड्युलेशन ठेवतात, तेव्हा हे रोजचंच. कोणी कधी तो 10 मेगओहम जळाला म्हणून हाताशी असलेला 470 किलोओहम लावून ठेवला असेल, तर हे प्रमाण व्हॉल्यूम पूर्ण वर असताना 0.45वर येतं. असे सेट मी पाहिलेत. आवाज कमी ठेवला की गोड, वाढवला की रेती. म्हणून ते दोन रेझिस्टन्स मोजा. एव्हीसीचा किंचित वाढवायला जागा असते.

डायोडजवळचा 250 पिकोफॅरडचा कंडेन्सर 100चा करा. 500 किलोओहमबरोबर 250 पिको म्हणजे 125 मायक्रोसेकंद. वरच्या सुरांची लाट झपकन खाली उतरते आणि कंडेन्सरला तिच्या वेगाने रिकामं होता येत नाही. 100 पिकोने फरक कानाला कळतो. पॉट खरखरत असेल तर फवारा मारण्याआधी त्याच्या मधल्या टोकापासून ग्रिडला जाणारा कंडेन्सर बदला. तो गळका असला की पॉटच्या मधल्या टोकातून डीसी वाहतं आणि नवा पॉटही महिन्याभरात खरखरतो.

50सी5च्या प्लेटवर 0.01-0.02चा एक कंडेन्सर असतो, वरचे सूर कापणारा. तो 0.0047 करा, पण पूर्ण काढू नका. अशा आउटपुट व्हॉल्व्हवर स्पीकरचा ओहम वरच्या सुरांना चढतो, हा कंडेन्सर त्याला आवर घालतो. काढलात तर आवाज कर्कश होतो आणि ट्रान्सफॉर्मरवर झटके बसतात. हजार व्होल्टच्या वरचा वापरा.

आणि माझी आवडती दुरुस्ती, एका रेझिस्टन्सची. 50सी5च्या प्लेटपासून 12एव्ही6च्या प्लेटपर्यंत 1 मेगओहम, अर्धा वॉट. झालं. निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून आत पाठवणं) मिळाला, साधारण पाच डेसिबल. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून फीडबॅक घेतला की टोकं उलटी जोडून सेट किंचाळण्याची भीती असते. इथे उलटं जोडण्याची सोयच नाही. आवाज थोडा कमी होतो, पण स्पीकरचं 'डब-डब' घुमणं आवरतं आणि वरची बाजू सपाट होते. नवे व्हॉल्व्ह घालून मिळणार नाही एवढा फरक यातून मिळतो.

व्हॉल्व्ह बदलायचेच असतील तर आता. 50सी5च्या कॅथोडवर साडेसात व्होल्टच्या आसपास हवेत. ग्रिड स्वच्छ, प्लेटचं व्होल्टेज ठीक आणि तरीही कॅथोडवर तीन-चारच दिसत असतील तर तो थकलाय. बाकीच्यांना उगाच निवृत्त करू नका.

मोबाइलची तार थेट पॉटच्या वरच्या टोकाला जोडण्याचा बेत सोडून द्या. तुमच्या सेटची चासी मेन्सवर आहे, म्हणजे मोबाइलही मेन्सवर आणि तो हातात धरणारा तुम्हीही. त्यापेक्षा कमी ताकदीचा छोटा एएम मॉड्युलेटर घ्या, तुमच्या देशाच्या नियमात बसणारा, आणि त्याची तार लूपजवळ नुसती ठेवा, कुठे जोडू नका. बँडच्या वरच्या भागातली मोकळी जागा निवडा, अँटेना कॉइल तिथेच रुंद असते. आणि त्याचं मॉड्युलेशन 80 टक्क्यांच्या खाली ठेवा, नाहीतर ते 0.83 तिथेही तुम्हाला गाठेल.